जुन्या जीपला मागचा डिफरन्शियल लॉक : कोणता घ्यावा, कोणता टाळावा?

लांजा तालुक्यात मुंबई-गोवा महामार्ग सोडून गाडी आत वळली की रस्त्याचा भरवसा संपतो. भांबेड, प्रभानवल्ली, सातवली या बाजूला डांबर असले तरी बागेपर्यंतची, वाडीपर्यंतची किंवा चिरेखाणीपर्यंतची वाट बहुधा मातीचीच असते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यात ही तांबडी माती साबणासारखी होते, आणि उघड्या जांभ्या कातळावर शेवाळ धरते. नेमक्या याच दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये, आंब्याच्या कलमांना खत आणि कल्टार घालायचे असते. पाऊस संपला की फवारणी सुरू होते, आणि पाण्याची पिंपे भरलेली गाडी सुट्या खडीच्या चढावर न्यावी लागते.

म्हणूनच आपल्याकडे जुन्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्या अजून टिकून आहेत. महिंद्राची सीजे ३बी, एमएम ५४०, सैन्याच्या लिलावातून आलेल्या जीप, आणि १९८५ साली बाजारात आलेली मारुती जिप्सी या गाड्या आजही बागायतदार, ठेकेदार आणि छोटे व्यावसायिक वापरतात. जिप्सीचे उत्पादन २०१९ साली थांबले, तरी तिची मागणी थांबलेली नाही. या गाड्यांच्या मालकांमध्ये अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो: मागच्या ॲक्सलला डिफरन्शियल लॉक बसवावा काय? आणि बसवायचा तर कोणता?

प्रश्न पैशाचा आहे, तसाच जिवाचाही आहे. चुकीचा लॉक बसविलेली गाडी चिखलातून सहज निघते, पण आंबा घाटातल्या ओल्या वळणावर मालकाला दगा देऊ शकते. तेव्हा खरेदीपूर्वी हा विषय मुळापासून समजून घेणे फायद्याचे आहे.

चार चाकांची गाडी दोन चाकांवर का अडते?

गाडी वळते तेव्हा बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. हा फरक किती असतो, ते सोप्या हिशोबाने कळेल. दोन्ही मागच्या चाकांमधील अंतर सव्वा मीटर धरू. घाटातल्या पूर्ण उलट्या वळणावर, म्हणजे गाडीचे तोंड जिथे पूर्ण फिरते तिथे, बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ३.९ मीटर जास्त चालते. वळण लहान असो की मोठे, हा आकडा तोच राहतो. जीपच्या जुन्या मापाच्या टायरचा घेर साधारण २.२५ मीटर. म्हणजे एका वळणात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा पावणेदोन फेरे जास्त फिरते.

दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडलेली असती तर हे पावणेदोन फेरे टायर घासून किंवा शाफ्टला पीळ देऊन भरून काढावे लागले असते. ती अडचण डिफरन्शियल दूर करतो. क्राऊनवर बसलेल्या पेटीत, म्हणजे केजमध्ये, दोन साइड गिअर आणि त्यांच्यामध्ये लहान स्टार पिनियन असतात. त्यांच्यामुळे एक चाक हळू आणि दुसरे जलद फिरू शकते.

परंतु या सोयीची किंमत चिखलात मोजावी लागते. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देतो. समजा, डावे चाक चिखलात आहे आणि ते ३० किलोचा जोर लागताच जागेवर फिरू लागते. तर उजव्या चाकालाही ३० किलोच मिळतात, मग ते कोरड्या कातळावर का असेना. एकूण ६० किलो. भरलेली जीप तेवढ्याने हलत नाही. उजव्या चाकाखालच्या कातळात ४०० किलोचा जोर घेण्याची ताकद असली तरी ती वाया जाते.

फोर व्हील टाकले की पुढच्या ॲक्सललाही जोर जातो. पण पुढेही असाच साधा डिफरन्शियल असतो. वाटेत खड्डा आणि उंचवटा तिरका आला की पुढचे एक आणि मागचे दुसऱ्या बाजूचे एक, अशी दोन चाके अधांतरी होतात. ती गरगर फिरतात आणि जमिनीवरची दोन स्वस्थ राहतात. 'फोर व्हील असूनही अडली' या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते.

लॉक काय करतो?

ज्याने ट्रॅक्टर चालवला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. ट्रॅक्टरला टाचेजवळ एक पेडल असते. एक चाक फिरू लागले की ते दाबायचे. दोन्ही मागची चाके एकत्र बांधली जातात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. वळण्यापूर्वी पाय काढायचा. जीपचा लॉक हेच काम करतो. वरच्या उदाहरणात डावे चाक आपले ३० किलो घेईल आणि उजवे कातळ देईल तेवढे घेईल.

लॉक आधी मागेच का? चढावर गाडीचे वजन मागे जाते, म्हणून पकड मागच्या चाकांनाच जास्त मिळते. पुढे लॉक घातला तर स्टिअरिंग जड होते आणि पुढच्या शाफ्टच्या सांध्यांवर ताण येतो. म्हणून एकच घ्यायचा असेल तर मागचाच घ्यावा.

आधी स्वस्तातली कामे करा

अनेक गाड्या लॉक नसल्यामुळे अडत नाहीत, इतर कारणांनी अडतात. पैसे खर्च करण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

पहिली, टायर. नक्षी गेलेल्या टायरला लॉक दिला तर एकाऐवजी दोन चाके जागेवर फिरतील, इतकाच फरक. चिखलासाठी खोल आणि रुंद खाचांचे टायर हवेत. मऊ जागेत हवा थोडी कमी करावी आणि डांबरावर येण्यापूर्वी पुन्हा भरावी.

दुसरी, फोर व्हील खरोखर लागते काय? अनेक जुन्या गाड्यांत पुढचे फ्री व्हील हब गंजून बसलेले असतात किंवा लो गिअर वर्षानुवर्षे टाकलेलाच नसतो. गाडी जॅकवर घेऊन पुढची चाके फिरतात की नाही, ते पाहावे.

तिसरी, स्प्रिंग. पाटे ताठ आणि गंजलेले असले की चाक खाली उतरत नाही आणि लवकर अधांतरी होते. पाटे सोडवून, घासून, ग्रीस करून बसविले तर चाक जमीन धरून राहते.

एवढे केल्यावरही त्याच चढावर, त्याच खड्ड्यात गाडी अडत असेल, तर लॉकचा विचार करावा.

बाजारातील प्रकार

१) वेल्ड केलेला डिफरन्शियल. स्टार पिनियन आणि साइड गिअर वेल्डिंगने एकत्र चिकटवायचे, हा सर्वांत स्वस्त उपाय गॅरेजात सुचवला जातो. तो स्वीकारू नये. हा लॉक कधीच सुटत नाही. प्रत्येक वळणाचे ते पावणेदोन फेरे टायर आणि शाफ्ट यांच्या अंगावर येतात. बहुतेक जुन्या जीपचा मागचा ॲक्सल सेमी फ्लोटिंग असतो, म्हणजे चाकाचा आधार त्या शाफ्टवरच असतो. शाफ्ट बाहेरच्या टोकाकडे मोडला तर नुसता जोर जात नाही, चाक निखळू शकते. रस्त्यावर माणसे घेऊन चालणाऱ्या गाडीत हा धोका कोणत्याही बचतीच्या मोलाचा नाही.

२) लिमिटेड स्लिप. यात क्लचच्या पट्ट्या असतात किंवा तिरके गिअर असतात. एक चाक घसरू लागले की दुसऱ्याकडे काही पट जोर जातो. रस्त्यावर चालवायला हा प्रकार सौम्य आहे. पण 'काही पट' हा शब्द लक्षात ठेवावा. गिअरच्या प्रकारात चाक पूर्ण अधांतरी असेल तर त्याचा जोर शून्याजवळ असतो, आणि शून्याची कितीही पट शून्यच. अशा वेळी हलका ब्रेक दाबून काम चालवता येते. मात्र जुन्या जीपच्या हँडब्रेकवर ही युक्ती चालत नाही, कारण सीजे ३बीसारख्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. तो एका चाकाला वेगळा धरत नाही. क्लचच्या पट्ट्या कालांतराने झिजतात आणि त्यांना खास मिश्रणाचे तेल लागते.

३) ऑटोमॅटिक लॉकर. यात केज तीच राहते. आतले स्टार पिनियन आणि साइड गिअर काढून त्यांच्या जागी दातेरी चकत्या बसतात. अमेरिकेत यालाच 'लंचबॉक्स लॉकर' म्हणतात. लॉक-राइट, ऑस्ट्रेलियाचा लोक्का ही त्यातली ओळखीची नावे. क्राऊन-पिनियनची बैठक हलवावी लागत नाही, म्हणून मजुरी कमी पडते. पूर्ण केजसह येणारा डेट्रॉइट लॉकर याच तत्त्वाचा, पण जास्त मजबूत आहे.

याचे वागणे मात्र समजून घ्यावे. हा लॉक नेहमी बांधलेला असतो, फक्त वळणावर बाहेरच्या चाकाला मोकळे करतो. वळणात ॲक्सिलरेटर दाबलेला असेल तर सगळा जोर आतल्या चाकाला जातो. ॲक्सिलरेटर सोडला की 'खट' आवाजाने तो पुन्हा बांधला जातो आणि गाडीचा मागचा भाग बाजूला ढकलल्यासारखा होतो. लांब गाडीत हे जाणवते, आखूड गाडीत ते घाबरवते. सीजे ३बीचा व्हीलबेस केवळ ८० इंच आहे. पावसात घाट उतरणाऱ्या, दररोज रस्त्यावर चालणाऱ्या आखूड जीपला हा प्रकार योग्य नाही. ज्याची गाडी बागेतच राहते आणि चालवणारा एकच आहे, त्याला तो परवडू शकतो.

४) वेगाच्या फरकाने लागणारा लॉक. अमेरिकेच्या ईटन कंपनीचा हा प्रकार १९७३ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत वापरात आला. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतले लहान वजन बाहेर फेकले जाते आणि लॉक लागतो. साधारण ताशी ३२ किलोमीटरच्या वर तो लागत नाही. घाटाच्या वळणावर तो अचानक लागेल, अशी भीती अनेकांना वाटते. पण सहा मीटर त्रिज्येचे वळण ताशी १५ किलोमीटरने घेतले तर दोन चाकांत मिनिटाला अवघ्या २३ फेऱ्यांच्या आसपास फरक पडतो. म्हणजे वळणात तो मोकळाच राहतो आणि चाक गरगरले तरच लागतो. महिंद्राने २०१५ साली थार गाडीत हाच प्रकार मागच्या ॲक्सलला पर्याय म्हणून देऊ केला. चालकाला काही करावे लागत नाही, हा त्याचा गुण. चाक आधी फिरावे लागते, त्यात चिखल उकरला जातो आणि शाफ्टला झटका बसतो, हा त्याचा दोष. थारचा सुटा भाग जुन्या जीपच्या हाउसिंगमध्ये बसेलच, असे मात्र मुळीच समजू नये.

५) हवा तेव्हा लागणारा लॉक. बटण, हवा किंवा दांडा यांनी लागणारा आणि सुटणारा. सुटलेला असताना डिफरन्शियल अगदी साधा, लागला की दोन्ही चाके शंभर टक्के एक. ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचा एअर लॉकर हवेवर चालतो. त्याला १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर, हवेची नळी आणि स्विच लागतो. विजेवर चालणाऱ्या प्रकारात कॉम्प्रेसर नसतो, आत विद्युतचुंबक असतो. केबलने ओढायचाही एक प्रकार आहे. आपल्याकडे पुण्याच्या फोर्स मोटर्सने २०१३ साली आणलेल्या गुरखा गाडीत पुढे आणि मागे दोन्हीकडे हाताने लागणारे लॉक दिले होते. या प्रकाराची किंमत सर्वांत जास्त आणि बसवण्याचे कामही सर्वांत नाजूक. नळी गळली किंवा वायर तुटली तर लॉक लागत नाही. पण तेव्हा गाडी साधी राहते, धोकादायक होत नाही. ही बाब महत्त्वाची आहे.

खरेदीपूर्वी दाते मोजा

लॉक कोणता घ्यावा याचा निर्णय जाहिरात पाहून होत नाही, तो ॲक्सल उघडून होतो. जुन्या गाडीचा इतिहास कोणालाच पूर्ण माहीत नसतो. मागच्या तीस-चाळीस वर्षांत कोणी दुसऱ्याच मॉडेलचा ॲक्सल चढवलेला असतो, कोणी फक्त क्राऊन-पिनियन बदललेले असतात. म्हणून चार गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात.

अ) शाफ्टच्या आतल्या टोकावरील स्प्लाइनचे दाते. एकट्या अमेरिकन डाना ४४ जातीच्या ॲक्सलमध्येच काळानुसार १०, १९ आणि ३० दात्यांचे शाफ्ट आले. जिप्सीच्या घराण्यात २६ दाते आढळतात. एक दाता कमी-जास्त असला तरी महागडा लॉक कपाटात ठेवण्याच्या लायकीचा राहतो.

आ) क्राऊन आणि पिनियन यांचे दाते. जुन्या जीपमध्ये ४३ आणि ८ ही जोडी प्रसिद्ध आहे, भागाकार ५.३८. केज बदलायची असेल तर हे प्रमाण आवश्यक आहे, कारण डाना ४४ मध्ये ३.७३ पर्यंतच्या आणि ३.९२ पासून पुढच्या प्रमाणांना वेगवेगळी केज लागते.

इ) हाउसिंगचा प्रकार. जीपच्या हाउसिंगला मागे झाकण असते आणि केज तिथून काढावी लागते. जिप्सीमध्ये शाफ्ट ओढून संपूर्ण गोळा पुढून बाहेर येतो आणि टेबलावर काम करता येते. म्हणून जिप्सीची मजुरी साहजिकच कमी पडायला हवी.

ई) शाफ्टच्या टोकांमधला ठोकळा. जुन्या जीपमध्ये दोन शाफ्टांच्या मध्ये, केजच्या आत, एक लहान ठोकळा असतो आणि शाफ्टचा आत-बाहेरचा खेळ त्याच्यावर अवलंबून असतो. घेत असलेल्या लॉकमध्ये त्याची सोय आहे काय, हे विक्रेत्याला विचारावे. हे विचारले नाही तर बेअरिंग लवकर जातात.

आखातातून मागवताना

कोकणातल्या पुष्कळ घरांतला एखादा माणूस आखातात असतो. तिथे वाळूत गाड्या चालवण्याचा शौक मोठा असल्यामुळे असे भाग सहज मिळतात, आणि 'येताना घेऊन ये' म्हणणे स्वस्त वाटते. परंतु तिथला बाजार मुख्यतः तिथल्या जपानी आणि अमेरिकन गाड्यांसाठी आहे. जिप्सीची बहीण शोभणारी सामुराई गाडी परदेशात विकली गेली म्हणून तिचा भाग आपल्याला लागेलच असे नाही. मॉडेलगणिक फरक आहेत. तेव्हा भाईजानला नुसते गाडीचे नाव कळवू नये. वरील चार बाबी, दात्यांचा जवळून काढलेला फोटो आणि शाफ्टची जाडी पाठवावी. जड लोखंडी सामान सूटकेसमध्ये आणले की विमानाचे जादा वजन आणि विमानतळावरचे सीमाशुल्क लागू शकते, ते किमतीत आधीच धरावे. आणि न बसलेला भाग परत पाठवायला समुद्रापार जावे लागते, हेही ध्यानात असावे.

मिस्त्री बंधूंसाठी दोन शब्द

लॉक चांगला असला तरी बसवणारा हात कच्चा असेल तर पैसे पाण्यात जातात. केज बदलली की क्राऊन-पिनियनची बैठक नव्याने लावावी लागते. दोघांमधला खेळ जीपच्या ॲक्सलमध्ये साधारण ०.१३ ते ०.२३ मिलिमीटर ठेवतात. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधील आकडा अंतिम समजावा. हा खेळ हाताने हलवून कळत नाही. डायल गेज लागते. दात्यांना रंग लावून त्याची छाप कुठे उमटते, ते पाहावे लागते आणि शिमच्या चकत्या कमी-जास्त कराव्या लागतात. बैठक चुकली की पहिल्या आठवड्यात आवाज येतो आणि काही महिन्यांत दाते तुटतात.

आपल्या समाजातील अनेक तरुण गॅरेज व्यवसायात आहेत. डायल गेज आणि टॉर्क पाना घेऊन हे एक काम नीट शिकलेला मिस्त्री लांजा, राजापूर, संगमेश्वर या पट्ट्यात फार थोड्या लोकांना जमणारे काम करू शकेल. आजही असे काम घेऊन गाड्या कोल्हापूर-पुण्याकडे जातात. ग्राहकाने पैसे दिल्यावर मोजमापाचे आकडे कागदावर लिहून देण्याची पद्धत ठेवली तर विश्वास वाढतो आणि पुढे भांडण राहत नाही.

वहाळातून जाणाऱ्या गाडीचा ब्रीदर, म्हणजे हाउसिंगची हवा सोडणारी नळी, लॉक बसवतानाच साफ करून उंचावर न्यावी. तापलेले हाउसिंग थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर त्याच दिवशी बदलावे.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असे बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच धर्तीवर निकाल दिला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनुसार, कायद्याला मान्य नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. डिफरन्शियलचा उल्लेख प्रमाणपत्रात नसतो, म्हणून 'हे चालते' असे गॅरेजात सांगितले जाते. पण कायद्याचा अर्थ आपण किंवा मिस्त्रीने लावू नये. रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि उत्तर गाडीच्या कागदांत ठेवावे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्या वेळी तपासणी होते. तेव्हा अडचण येण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

चालवण्याची पद्धत

१) अडण्यापूर्वी लॉक लावावा. चाक गरगर फिरत असताना लावला तर दाते तुटतात. चढाच्या पायथ्याशी थांबून, लो गिअर टाकून, लॉक लावून मग सावकाश निघावे.

२) कठीण जमिनीवर आल्याबरोबर सोडावा. लॉक लावून डांबरावर वळू नये.

३) आडव्या उतारावर लॉक लावू नये. हा नियम आपल्या सड्यांवर विशेष लागू आहे. लॉक नसताना एक चाक फिरते आणि दुसरे न फिरता गाडीला बाजूने धरून ठेवते. लॉक असताना दोन्ही चाके एकदम सुटतात आणि शेवाळलेल्या कातळावर गाडीची शेपटी दरीकडे सरकते.

४) एका चाकाखाली पूर्ण पोकळी असेल तर ॲक्सिलरेटर जोरात दाबू नये. लॉक लागलेला असताना मागचा जवळजवळ सगळा जोर एकाच शाफ्टवर येतो. साध्या डिफरन्शियलमध्ये तो कधीच निम्म्याहून जास्त येत नव्हता. जुना शाफ्ट अशाच वेळी मोडतो.

५) गाडी दुसऱ्याच्या हाती देताना लॉकची माहिती द्यावी. ऑटोमॅटिक लॉकर असेल तर ओल्या घाटासाठी गाडी देऊच नये.

कोणी काय घ्यावे?

ज्याची गाडी वर्षातून चार-पाच वेळा अडते, त्याने लॉकवर पैसे घालू नयेत. चांगले टायर, एक मजबूत दोर, फावडे आणि चालू स्थितीतले फोर व्हील एवढ्यावर त्याचे काम भागेल.

ज्याची गाडी पावसाळाभर बागेत किंवा कामावर जाते आणि तीच गाडी घरच्या माणसांना घेऊन लांज्याच्या बाजारात, रत्नागिरीच्या दवाखान्यात किंवा घाटमाथ्यावरही जाते, त्याने हवा तेव्हा लागणारा लॉकच घ्यावा. तो महाग आहे. तेवढे पैसे आज नसतील तर थांबावे, पण स्वस्तातला कायम बांधलेला लॉक घेऊ नये. कारण अशा गाडीचा शंभरातला बहुतेक प्रवास रस्त्यावर होतो, आणि रस्त्यावर सर्वांत चांगला लॉक तो, जो सुटलेला असतो.

ज्याची गाडी बागेच्या कुंपणाबाहेर क्वचितच पडते, त्याला ऑटोमॅटिक लॉकर कमी खर्चात चांगले काम देईल. मात्र आधी शाफ्ट बाहेर काढून त्यांना तडा किंवा पीळ नाही, हे पाहावे. स्प्लाइनच्या रेघा सरळ न दिसता वळलेल्या दिसल्या तर तो शाफ्ट आधी बदलावा.

आणि वेल्डिंग कोणीच करून घेऊ नये.

खरेदीच्या दिवशी विक्रेत्याला पाच प्रश्न विचारावेत: माझ्या शाफ्टच्या दात्यांना हा बसतो काय? माझ्या क्राऊनच्या प्रमाणाला हीच केज लागते काय? मधल्या ठोकळ्याची सोय आहे काय? सील, नळी आणि सुटे भाग भारतात मिळतात काय? आणि न बसल्यास परत घेणार काय? पाचही उत्तरे पावतीवर लिहून मिळाली तर पैसे द्यावेत. लिहून देण्याची तयारी नसेल, तर ते पैसे तूर्त टायरवर खर्च करावेत.